डिप्लॉयचं बटण आणि 40 मिनिटं: कोड एडिटरमधून सर्व्हरलेस अ‍ॅप

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. लॅपटॉपवर कोड एडिटर उघडायचा, थोडा कोड लिहायचा, आणि तिथूनच एक बटण दाबून अ‍ॅप थेट इंटरनेटवर चालू करायचं. सर्व्हर भाड्याने घ्या, त्यावर लिनक्स टाका, दर महिन्याला अपडेट करा, असली कटकट नाही. हे खरंच होतं. मी गेली काही वर्षं हेच करतेय.

पण आज नुसतं कसं करायचं ते सांगणार नाही. 2021 मध्ये माझ्या हातून एक घोळ झाला होता, तो सांगणार आहे. त्यात पैसे गेले, आणि ते माझे नव्हते, माझ्या दादाचे होते. तो घोळ एकदा समजला की बाकीचं सगळं आपोआप डोक्यात बसतं. माझं तरी तसंच झालं.

सर्व्हरलेस म्हणजे गिरणी

आधी शब्द समजून घेऊ. सर्व्हरलेस म्हटलं की वाटतं, सर्व्हरच नाही. तसं नाहीये. आपण दळण टाकायला गिरणीत जातो ना? घरात गिरणी नाही, पण कोपऱ्यावर आहे. डबा द्यायचा, दळून घ्यायचं, किलोवर पैसे द्यायचे. मोटर जळली, पट्टा तुटला, तर ते गिरणीवाला बघेल. सर्व्हरलेस तसंच आहे. सर्व्हर आहे, पण तो सांभाळायचं काम दुसऱ्याचं. तुम्ही फक्त तुमचं फंक्शन द्यायचं, म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा. कोणी हाक मारली की तो चालतो, काम संपलं की थांबतो. जेवढा वेळ चालला, तेवढेच पैसे.

अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर 2014 मध्ये एडब्ल्यूएस लॅम्डा जाहीर केलं आणि ही पद्धत सगळीकडे पसरली. मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर फंक्शन्स आहे, गूगलचंही आहे. मी लॅम्डा वापरते, म्हणून उदाहरणं त्याचीच देते. त्यात महिन्याला 10 लाख हाका आणि 4 लाख जीबी-सेकंद फुकट मिळतात. जीबी-सेकंद म्हणजे काय? फंक्शनला 1 जीबी मेमरी दिली आणि ते 1 सेकंद चाललं, तर 1 जीबी-सेकंद. अर्धा जीबी दिली तर 2 सेकंदांना 1. हे माप लक्षात ठेवा, पुढे हिशोब करायचाय.

आणि हो, गिरणी सकाळी चालू होते तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला जरा थांबावं लागतं. इथेही तसंच. बराच वेळ कोणी हाक मारली नसेल, तर पहिल्या हाकेला थोडा उशीर लागतो. त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. तुमच्या फोनवर एखादं पान पहिल्यांदा रेंगाळतं आणि दुसऱ्यांदा झटकन उघडतं, त्यामागे कधीकधी हेच कारण असतं.

आईचा बचत गट आणि 5 एमबीचे फोटो

आता गोष्ट. 2021, दुसरी लाट. आईच्या बचत गटाचं पापड, कुरडया, भाजणी असं सगळं एरवी प्रदर्शनात विकलं जायचं. प्रदर्शनं बंद. मग व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी सुरू झाल्या. मी म्हटलं, एक साधं पान करून देते, फोटो आणि भाव. लिंक पाठवायची, बस.

पान झालं. पण काकूंनी फोनवरून काढलेले फोटो एकेक 4-5 एमबीचे. 20 वस्तू म्हणजे जवळपास 100 एमबी. मोबाइल डेटावर ते पान उघडेचना. एक काकू म्हणाल्या, "अगं, तुझं ते चाक नुसतं फिरतंय गोल गोल."

उपाय सोपा होता. काकू मूळ फोटो टाकतील, तो एस-थ्रीच्या एका बकेटमध्ये जाईल. बकेट म्हणजे क्लाउडवरचं मोठं फोल्डर समजा. फोटो आला की एक लॅम्डा फंक्शन जागं होईल आणि त्याच्या दोन प्रती करेल. एक लहान, यादीत दाखवायला. एक मध्यम, फोटोवर बोट ठेवलं की उघडायला. सर्व्हरलेससाठी याहून चांगलं काम नाही, कारण फोटो दिवसातून चार-पाचच येणार.

एडिटरमध्ये काय काय लागतं

मी व्हीएस कोड वापरते. मायक्रोसॉफ्टचा फुकट एडिटर, 2015 मध्ये आला. त्यात एडब्ल्यूएस टूलकिट नावाचं एक्स्टेन्शन टाकायचं. सोबत सॅम नावाचं कमांड लाइन टूल, आणि पायथन. लॅपटॉपवर क्लाउडची नक्कल चालवायची असेल तर डॉकरही लागतं. तुमचा लॅपटॉप 4 जीबी रॅमचा असेल तर डॉकर त्याला रडवेल. मग डॉकर सोडा. तुमचं फंक्शन शेवटी पायथनचं फंक्शनच आहे, एक छोटी स्क्रिप्ट लिहून त्याला खोटा इव्हेंट द्या आणि चालवून बघा. आणि लॅपटॉपच जुना असेल, तर गिटहब कोडस्पेसेस बघा. ब्राउझरमध्ये उघडणारा एडिटर आहे. वैयक्तिक खात्याला महिन्याला 120 कोअर-अवर फुकट, म्हणजे 2 कोअरच्या मशीनवर 60 तास.

सॅमच्या प्रोजेक्टमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, तुमचा कोड. दुसरी, टेम्प्लेट नावाची फाइल. त्या टेम्प्लेटमध्ये लिहिलेलं असतं की फंक्शनला मेमरी किती, वेळ किती, त्याला हाक कोण मारणार आणि त्याला कशाकशाला हात लावायची परवानगी आहे. सॅम बिल्ड म्हटलं की पॅकेज तयार होतं. सॅम डिप्लॉय म्हटलं की टेम्प्लेट वाचून क्लाउडवर सगळं उभं राहतं. टूलकिटमध्ये हेच काम मेनूमधून होतं.

बिल्ड करताना मी पहिली ठेच खाल्ली. फोटो लहान करायला पिलो नावाची लायब्ररी वापरली होती. विंडोजवर मस्त चालली, क्लाउडवर गेल्यावर इम्पोर्टच होईना. कारण लॅम्डा चालतं लिनक्सवर, आणि मी विंडोजसाठी बनलेली लायब्ररी पॅक केली होती. उपाय असा की सॅम बिल्डला कंटेनर वापरायला सांगायचं, मग ते लिनक्सच्या डब्यातच पॅकेज बनवतं. तुमच्यापैकी अर्ध्या जणांना हा एरर येणार आहे, लिहून ठेवा.

दुसरी ठेच. पहिल्यांदा डिप्लॉय केलं आणि मुंबई रीजन उघडून बघितलं, तर काहीच नाही. अर्धा तास शोधलं. माझ्या सेटिंगमध्ये रीजन अमेरिकेतलं राहिलं होतं, सगळं तिकडे जाऊन बसलं होतं. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन 2016 पासून आहे, हैदराबाद 2022 मध्ये आलं. डिप्लॉय करण्याआधी कोणतं खातं आणि कोणतं रीजन, एवढं बघाच.

ती 40 मिनिटं

सगळं दुरुस्त केलं. लॅपटॉपवर फंक्शन तपासलं. एक फोटो दिला, दोन प्रती झाल्या, बरोबर मापाच्या. एकदम खूश. मग सॅम डिप्लॉय. पहिल्यांदा ते काही प्रश्न विचारतं: नाव काय, रीजन काय. त्यात एक प्रश्न असतो, डिप्लॉय करण्याआधी बदल दाखवून तुमची खात्री करून घेऊ का? मी नाही म्हटलं. घाई होती. जेवायला हाका चालू होत्या.

डिप्लॉय झालं. मी पापडाचा एक फोटो टाकला. दहा सेकंदांत पानावर दिसला, लहान, छान. आईला दाखवला. जेवायला बसले.

जेवून परत आले आणि सहज एडिटरमध्येच लॉग उघडला. लॉग थांबतच नव्हता. ओळींवर ओळी. आणि फाइलची नावं बघितली तर अशी: स्मॉल-मीडियम-स्मॉल-स्मॉल-मीडियम-पापड1. त्याखाली अजून लांब. त्याखाली अजून.

काय झालं होतं कळलं का? फंक्शन त्याच बकेटमध्ये प्रती लिहीत होतं, ज्या बकेटमध्ये फोटो आला की त्याला हाक बसत होती. म्हणजे पापडाचा एक फोटो आला, दोन प्रती झाल्या. त्या दोन प्रती म्हणजे बकेटमध्ये दोन नवे फोटो. म्हणून दोन हाका. त्यांच्या चार प्रती. मग आठ. मग सोळा. दहाव्या फेरीला 1024. एका वेळी किती प्रती चालू शकतात याला कन्करन्सी म्हणतात, माझ्या खात्याची मर्यादा 1000 होती. फंक्शन त्या मर्यादेला जाऊन टेकलं होतं आणि बाकीच्या हाका रांगेत उभ्या होत्या.

मी काय केलं असेल? लॅपटॉप बंद केला. खरंच. हसू नका. घाबरल्यावर माणूस हेच करतो. पण ते लॅपटॉपवर चालतच नव्हतं ना! गिरणी दुसऱ्याची, डबा माझा, आणि मीटर चालू.

पुन्हा लॅपटॉप उघडला, एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये गेले. तिथे फंक्शनच्या पानावर थ्रॉटल नावाचं बटण आहे. ते दाबलं की फंक्शनची कन्करन्सी शून्य होते, म्हणजे एकही प्रत चालणार नाही. हे बटण कुठे आहे ते आजच बघून ठेवा. अग्निशामक नळकांडं कुठे टांगलंय हे आग लागल्यावर शोधायचं नसतं.

त्यानंतर टेम्प्लेटमधून तो ट्रिगर काढला आणि पुन्हा डिप्लॉय केलं. पण थ्रॉटल लगेच काढलं नाही. कारण अशा हाका लॅम्डाच्या रांगेत 6 तासांपर्यंत थांबून राहतात. लगेच सोडलं असतं तर रांगेतल्या सगळ्या धावून आल्या असत्या. रात्रभर शून्यावर ठेवलं. सकाळी बकेटमध्ये लाखो फाइल होत्या. भरलेलं बकेट डिलीट होत नाही. मग एक दिवसानंतर फाइल आपोआप पुसायचा नियम लावला आणि वाट बघितली.

हिशोब

आता ते जीबी-सेकंद आठवा. फंक्शनला अर्धा जीबी मेमरी, एका वेळी 1000 प्रती. तासाचे 3600 सेकंद. गुणाकार करा: तासाला 18 लाख जीबी-सेकंद. महिन्याचं फुकट म्हणजे 4 लाख. ते पंधरा मिनिटांच्या आत संपलं. पुढे लॅम्डाचेच तासाला साधारण 30 डॉलर. शिवाय बकेटमध्ये प्रत्येक फाइल लिहिण्याचे वेगळे पैसे, तेही जवळपास तेवढेच.

40 मिनिटांचे टॅक्स धरून साडेतीन हजार रुपयांच्या आसपास झाले. आणि खात्याला कार्ड होतं दादाचं, कारण माझ्याकडे तेव्हा कार्डच नव्हतं. त्या काळात त्याचा पगार कापून निम्मा येत होता. साडेतीन हजार म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा होता.

बिल महिन्याच्या शेवटी येणार होतं. म्हणजे तीन आठवडे मी गप्प बसू शकले असते. दोन दिवस बसलेही. तिसऱ्या दिवशी सांगितलं.

"दादा, तुझ्या कार्डावर साडेतीन हजार लागणार आहेत. माझ्यामुळे."

त्याने विचारलं, "कसे?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि तू जेवून झोपली असतीस तर?"

मी हिशोब केला होता. सकाळपर्यंत तीस-चाळीस हजार तरी.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पैशाचं बघू. पण तू तर तपासलं होतंस ना? मग हे सापडलं कसं नाही?"

त्याला कोडिंगमधलं काही कळत नाही. पण प्रश्न अचूक होता. मी कोड तपासला होता आणि कोड बरोबरच होता. एक फोटो, दोन प्रती. लॅपटॉपवर तपासताना प्रती माझ्या फोल्डरमध्ये जात होत्या, तिथे परत हाक मारणारं कोणी नव्हतंच. चूक कोडमध्ये नव्हती, जोडणीत होती. टेम्प्लेटमधल्या चार ओळींत. त्या ओळी मी कुठूनतरी कॉपी केल्या होत्या आणि एकदाही नीट वाचल्या नव्हत्या.

आजच्या एपिसोडमधून एकच गोष्ट नेणार असाल तर ही न्या. सर्व्हरलेस अ‍ॅप म्हणजे कोड अधिक जोडणी. एडिटरमधलं बटण दोन्ही एकदम पाठवतं. आपण कोड दहा वेळा वाचतो, जोडणी एकदाही नाही.

आता मी काय करते

एक. डिप्लॉयच्या आधी कागद घेते. प्रत्येक फंक्शनसाठी तीन प्रश्न: याला हाक कोण मारतं? हे लिहितं कुठे? जिथे लिहितं तिथून पुन्हा हाक येऊ शकते का? बाण काढायचे. बाणांचं वर्तुळ झालं की थांबायचं. माझा उपाय साधा होता, दोन बकेट. एकात मूळ फोटो, दुसऱ्यात प्रती. दुसऱ्यावर ट्रिगरच नाही.

दोन. सॅमच्या त्या खात्रीच्या प्रश्नाला आता हो म्हणते. मग ते यादी दाखवतं, काय नवीन बनणार, काय बदलणार, काय पुसलं जाणार. त्या यादीत "इथे लूप आहे" असं लिहून येत नाही, हे खरं. पण अर्धं मिनिट थांबून वाचावं लागतं. मला तेवढंच हवं असतं.

तीन. मर्यादा स्वतः लावते. लॅम्डाला वेळ न सांगितल्यास 3 सेकंद मिळतात, जास्तीत जास्त 15 मिनिटं लावता येतात. काम 5 सेकंदांत होतंय तर 10 लावा, 15 मिनिटं कशाला? मेमरीचंही तसंच. आणि कन्करन्सी. काकूंच्या फोटोंना एका वेळी 5 प्रती पुष्कळ झाल्या. टेम्प्लेटमध्ये एक ओळ. ती ओळ असती तर माझं बिल शंभर-दोनशे पटीने कमी, म्हणजे जवळपास फुकटातच बसलं असतं. नव्या खात्यांना हल्ली मर्यादा मुळातच कमी मिळते, त्यामुळे ती ओळ कदाचित चालणार नाही. पण मग ती कमी मर्यादाच तुमचं संरक्षण आहे, उगाच वाढवून मागू नका.

चार. बजेट अलर्ट लावते, पण त्यावर विसंबत नाही. बजेट ब्रेक लावत नाही, नुसती घंटा वाजवतं, आणि तीही उशिरा. खर्चाचे आकडे दिवसातून काही वेळाच अपडेट होतात. माझी 40 मिनिटं त्याला दिसलीही नसती.

पाच. डिप्लॉय केल्यावर दहा मिनिटं लॉग बघत बसते. एडिटरमध्येच दिसतो. जेवण थोडं गार झालं तरी चालेल.

सहा. किल्ल्या. क्लाउडच्या खात्याची अ‍ॅक्सेस की कोडमध्ये लिहायची नाही, गिटवर टाकायची नाही. उघड्या रिपॉझिटरीत चुकून गेलेली की शोधणारे बॉट असतात, काही मिनिटांत सापडते. आणि रोजच्या कामाला रूट खातं वापरू नका, कमी परवानग्यांचा वेगळा युजर करा.

सात. शिकून झालं की सॅम डिलीट. नुसता प्रोजेक्टचा फोल्डर पुसला तर क्लाउडवरचं तसंच राहतं. मी लॅपटॉप बंद केला होता ना, तोच प्रकार.

एक चांगली बातमी पण सांगते. आता लॅम्डा असे लूप स्वतः ओळखतं. एस-थ्री, एसएनएस, एसक्यूएस यांच्यातून फिरून तीच हाक साधारण 16 वेळा आली की ते थांबवतं. पण मधे डायनॅमोडीबीसारखं काही आलं तर ते ओळखत नाही. म्हणून कागद सोडू नका.

आणि असं काही झालंच, तर सपोर्टला लिहून बघा. पहिली चूक असेल तर कधीकधी बिल कमी करतात. हमी नाही, पण विचारायला काय जातं? मला तेव्हा हे माहीतच नव्हतं. दादाचे पैसे मी पहिल्या पगारातून दिले. त्याने घेतले, बरं का! वर म्हणाला, "ठेव लक्षात."

बचत गटाचं पान अजून चालू आहे. त्या घोळानंतर लॅम्डाचं बिल कधी शून्याच्या वर गेलं नाही. आई अधूनमधून नवा फोटो टाकते आणि विचारते, "जेवायला बसू ना आता?" मी म्हणते, "थांब, दहा मिनिटं."

तर मित्रांनो, आज लॅपटॉप उघडलात तर एक छोटं फंक्शन करून बघा. आधी कागद, मग बटण. अडलात तर विचारा, आणि तुमचा एखादा घोळ असेल तर तोही पाठवा, नाव न घेता सांगेन. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या.